सांगलीतून पहिला रेट्रो अल्बम काढायचाय? तालमीच्या खोलीपासून प्रकाशनाच्या कार्यक्रमापर्यंत

साठ-सत्तरच्या दशकाच्या वळणाचं पॉप-रॉक वाजवणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो जुना आवाज कुठल्या प्लगिननं (संगणकातल्या आवाज बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं) येतो? थोडाफार प्लगिननंही येतो. पण जास्त करून तो येतो सगळ्यांनी एका खोलीत एकदम वाजवल्यानं, मोजक्या ट्रॅकवर रेकॉर्ड केल्यानं आणि कुठलं वाद्य कुठे बसणार हे आधीच ठरवून टाकल्यानं. बीटल्सनी त्यांच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात लंडनच्या ईएमआय स्टुडिओत रेकॉर्ड केली, आणि मशीन होतं दोन ट्रॅकचं. क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवून हात बसलेला होता, म्हणून ते एका दिवसात उरकलं.

तुम्हाला एका दिवसात उरकायचं नाहीये. पण काम त्याच क्रमानं करा: आधी हात बसू दे, मग माईक लावा, मग कागद, मग तारीख. आमच्याकडे बहुतेक बँड नेमके उलटे जातात. तारीख जाहीर करतात, पोस्टर टाकतात आणि मग ड्रमर शोधायला लागतात.

गाणी: दहा पुरेत, त्यातली दोन काढून ठेवा

त्या काळातला एलपी साधारण तीस-पस्तीस मिनिटांचा असायचा. हे माप आजही बरोबर आहे, कारण पुढेमागे विनाइल काढायची हौस आली तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त भरलं की आवाज बारीक होतो आणि बेस कमी करावा लागतो. म्हणजे अडीच-तीन मिनिटांची दहा-बारा गाणी. बारा तयार करा, दहा ठेवा.

मराठीत हे संगीत लिहिताना एक अडचण येते. आपल्या कानात भावगीताची आणि सिनेगीताची बांधणी घट्ट बसलेली आहे: मुखडा, मग लांबलचक म्युझिक पीस, मग अंतरा, परत मुखडा. त्या पीसमध्येच पाऊण मिनिट जातं. रेट्रो पॉपमध्ये तेवढी उसंत नसते. सुरुवातीची गिटारची ओळ चार मापांची (बारची), गाणं विसाव्या सेकंदाच्या आत सुरू, मध्ये आठ मापांचा सोलो आणि पावणेतीन मिनिटांत खेळ खलास. मुखडा मात्र आपल्या फायद्याचा आहे. तो परत परत येतोच, त्यामुळे वेगळा कोरस शोधत बसायची गरज नाही. मुखड्याची दुसरी ओळ सगळ्या बँडनं मिळून गायली की काम झालं.

शब्दांचं म्हणाल तर लांब सूर जिथे धरायचा तिथे ‘आ’, ‘ओ’, ‘ई’ असलेला शब्द आणा. ‘मन’ या शब्दावर चार ठोके थांबायला गेलात की त्याचं ‘मनाऽऽ’ होतं आणि अर्थ घसरतो. ट, ड, ठ ही अक्षरं ठेक्यावर टाका, ती तबल्याच्या बोलासारखी वाजतात. आणि कृपा करून इंग्रजी गाण्याचं भाषांतर करू नका. बुधगावच्या शेवटच्या एसटीवर गाणं लिहा, गणपती पेठेतल्या गर्दीवर लिहा. बाज साठच्या दशकाचा असला तरी माणसं तुमच्या ओळखीची असू द्यात.

तालमीची खोली: आधी पाणी बघा, मग वीज

सांगलीत खोली भाड्यानं घेताना पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरलं. तेव्हा मारुती चौक, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागात तळमजला स्वस्त मिळाला तरी ॲम्प्लिफायर आणि ड्रम तिथे कायमचे ठेवू नका. वरचा मजला घ्या, नाहीतर विश्रामबागच्या बाजूला बघा. जमलंच नाही तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सामान कुणाच्या तरी माडीवर हलवायचं हे आत्ताच ठरवून ठेवा.

दुसरा प्रश्न विजेचा. रेट्रो आवाजासाठी तुम्ही बहुधा सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) गिटार घेणार. ती अतिशय गोड वाजते आणि आजूबाजूचा प्रत्येक विद्युत आवाजही तितक्याच प्रेमानं पकडते. एकदा हे करून बघा: ॲम्प चालू करा, गिटारचा आवाज वाढवा, तारांवर हात ठेवा आणि एकानं पंख्याचा रेग्युलेटर एक-एक घर फिरवावा. डिमरसारखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या घरांवर आला की स्पीकरमधून ‘झर्रर्र’ ऐकू येईल, आणि पूर्ण वेगावर टाकला की बहुतेक वेळा थांबेल. नंतर ट्यूबलाइट बंद करा. मग मोबाइल चार्जर काढा. मग गिटार घेऊन जागेवर हळूहळू वळा; एका दिशेला गुणगुण सगळ्यात कमी असते, तिथे खडूनं खूण करा आणि रेकॉर्डिंगला गिटारवाल्याला तिथेच बसवा. या तपासणीला तासभर लागतो आणि पुढचं मिक्सिंग निम्म्यानं हलकं होतं.

सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. माईकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘चालतंय की’ म्हणून पुढे जाऊ नका, तिथेच थांबा. गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडणारे महाभागही आहेत. गुणगुण जाते, पण गिटारच्या तारा आणि माणूस यांच्यामध्ये मग संरक्षण काहीच उरत नाही. सगळे ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घेतले तर बरीचशी गुणगुण आपोआप जाते.

ड्रमर आणि पंचा

चांगला ड्रमर सांगली-मिरजेत मिळतो, फक्त तो रॉकवाल्यांच्या कट्ट्यावर मिळत नाही. बेंजो पार्टीत, ब्रास बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात शोधा. गणपतीत तासन्‌तास वाजवणाऱ्या हाताला दम असतो आणि लय पक्की असते. त्याला एवढंच पटवावं लागतं की इथे भरणा कमी करायचा आहे. रोटोवरचे (बेंजो पार्टीतल्या छोट्या ड्रमवरचे) तोडे, प्रत्येक ओळीच्या शेवटी झांज, हे सगळं घरी ठेवायचं. दोन आठवडे नुसता साधा ठेका.

साठच्या दशकातला ड्रमचा तो दबलेला, ‘ढप्प’ असा आवाज काढायला त्या काळी ड्रमवर चहाची भांडी पुसायची फडकी टाकायचे. आपल्याकडे त्याला पंचा आहे. सुती, धुवून मऊ झालेला. स्नेअरवर (ड्रमरच्या समोरच्या खणखणीत ड्रमवर) एकेरी टाका आणि कडेला कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. टॉमवर (बाकीच्या ड्रमवर) दुहेरी घडी चालते. कातडं थोडं सैल करा. बेस ड्रममध्ये एक उशी. नवा टर्किश टॉवेल वापरू नका, तो आवाज पारच गिळतो.

माईक तीन पुरेत. एक बेस ड्रमसमोर. दुसरा स्नेअरच्या बरोबर वर, साधारण मीटरभर उंचीवर. तिसरा ड्रमरच्या उजव्या हाताला, फ्लोअर टॉमच्या पलीकडून स्नेअरकडे रोखलेला. इंग्लिश साऊंड इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. यात एकच गोष्ट काटेकोर पाळायची: स्नेअरच्या मध्यापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या माईकचं अंतर सारखं पाहिजे. सुतळीचं एक टोक ड्रमरला स्नेअरवर बोटानं दाबून धरायला सांगा, सुतळी वरच्या माईकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा आणि तीच सुतळी फिरवून तिसरा माईक त्या गाठीवर आणा. अंतर चुकलं तर स्नेअरचा आवाज एका माईकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो, दोन्ही मिसळले की तो पोकळ होतो. मग लोक इक्वलायझरशी झटत बसतात.

रेकॉर्डिंग: मुहूर्त नसलेल्या महिन्यातलं मंगल कार्यालय

कोल्हापूरला किंवा पुण्याला स्टुडिओ मिळतो आणि गायनासाठी तिथे जाणं योग्यच. पण ताल आणि गिटार एकत्र रेकॉर्ड करायला मोठी खोली लागते, आणि मोठ्या स्टुडिओचं तासाचं भाडं पहिल्या अल्बमला झेपत नाही. सांगलीजवळ मंगल कार्यालयं भरपूर आहेत. लग्नाचे मुहूर्त नसतात त्या दिवसांत ती रिकामी पडून असतात, आणि मालकाशी नीट बोललं तर दोन दिवस परवडेल अशा भाड्यात मिळतात.

कार्यालयाचा हॉल टाळी वाजवली तर दोन सेकंद घुमतो. त्यावर उपाय त्याच इमारतीत असतो: जाजम, गाद्या, लोड, तक्के. जमिनीवर जाजम अंथरा. ड्रमरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या भिंतीला टेकवून उभ्या करा. हॉलच्या मधोमध बसू नका आणि अगदी कोपऱ्यातही नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर मांडा. थोडा घुमारा राहू द्या, तो आपल्याला हवाच आहे. गिटारचे ॲम्प ड्रमकडे पाठ करून ठेवा आणि आवाज गल्लीत ऐकू जाईल एवढा वाढवू नका. लहान ॲम्प अर्ध्यावर वाजवला की जास्त चांगला वाटतो.

सगळ्यांनी एकमेकांचे चेहरे दिसतील असं गोल बसावं. एका माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरणार, शिरू द्या. त्या जुन्या रेकॉर्डमधला एकजीवपणा बराचसा यातूनच येतो. तोटा असा की एकाची चूक सगळ्यांच्या ट्रॅकवर जाते, म्हणून पूर्ण गाणं पुन्हा वाजवावं लागतं. ते वाजवायची तयारी नसेल तर आणखी महिनाभर तालीम करा, कार्यालय कुठे पळून जात नाही.

क्लिक (कानात टिकटिकणारा लयीचा ठोका) लावायचा का? तालमीत लावा, रेकॉर्डिंगला काढा. मुखड्यात लय जराशी चढते आणि अंतऱ्यात बसते, हे कानाला बरं लागतं. मात्र गाणं सुरू झालं त्याच्यापेक्षा शेवटी स्पष्टपणे पळायला लागलं असेल तर तो टेक टाकून द्या.

मोबाइलचं ॲप असो वा लॅपटॉप, ट्रॅक अमर्याद मिळतात. तुम्ही आठवर थांबा. ड्रमचे तीन, बेस एक, गिटार दोन, ऑर्गन एक, गायन एक. टाळ्या, खंजिरी, दुसरा आवाज यांना जागा करायची असेल तर आधी दोन ट्रॅक मिसळून एक करायचे आणि मूळ फाइल बाजूला काढून ठेवायची. हे वेडेपण वाटतं. पण असं केल्यावरच ‘नंतर बघू’ बंद होतं, आणि हजार वेळा बघितलेल्या मिक्सचा गुळगुळीतपणा येत नाही.

सकाळी पारवे घुमतात, दुपारी कुणीतरी भांडी हलवतं, संध्याकाळी शेजारच्या देवळात आरती. हॉल घेण्याआधी तिथे एक दिवस नुसतं बसून ऐका आणि शांत तास टिपून ठेवा.

गायन, पाण्याची टाकी आणि मिरजेची सतार

गायकाकडून प्रत्येक ओळ दोनदा गाऊन घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवा. आवाज जाड होतो आणि किंचित हलतो. हे दोनदा गाण्याचे कष्ट वाचवायला लंडनच्या ॲबी रोडचे (म्हणजे त्याच ईएमआय स्टुडिओचे) इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये टेप मशीन वापरून कृत्रिम डबल ट्रॅकिंग काढलं. संगणकात आज ते एका बटणावर आहे, तरी खरोखर दोनदा गायलेलं वेगळं लागतं.

प्रतिध्वनीसाठी जुन्या स्टुडिओंत रिकामी खोली असायची. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक. तुमच्या गच्चीवर सिमेंटची टाकी असेल तर ती धुवायला रिकामी होते तो दिवस गाठा. टाकी पूर्ण कोरडी होऊ द्या. बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर तळाशी भिंतीकडे तोंड करून ठेवा, माईक झाकणातून दोरीनं अर्ध्यापर्यंत सोडा. स्पीकरला केबलनंच जोडा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. आता फक्त गायनाचा ट्रॅक टाकीत वाजवा आणि जे घुमतं ते वेगळं रेकॉर्ड करा. मिक्समध्ये ते मूळ आवाजाच्या खाली, जेमतेम जाणवेल इतकं ठेवा. माणसानं आत उतरायची गरज नाही, उतरूही नका. हरिपूरला हळदीची जुनी पेवं (जमिनीखालची साठवणीची कोठारं) आहेत आणि कुणाला तरी ती कल्पना सुचतेच. बंद पेवात हवा कोंडलेली असते, तिथे हा प्रयोग करायचा नाही.

सतार. साठच्या मध्यापासून पॉपमध्ये सतार शिरली, आणि तुम्ही मिरजेपासून दहा किलोमीटरवर आहात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या गाण्यात सतार घ्यावीशी वाटणार, घ्या. पण सूर आधी जुळवा. सतार बहुधा काळी एकच्या आसपास लावलेली असते, आणि रॉकवाले हाताला सोपं म्हणून गाणं ईमध्ये बांधतात. सतार तेवढी चढवली तर तारा तुटतात, उतरवली तर जवारीची (तारेच्या त्या झणझणत्या नादाची) मजा जाते. सोपा मार्ग असा की गाणंच काळी एकमध्ये ठेवा. गिटारवाल्यानं पहिल्या घरावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे कॉर्ड धरायचे. बेसवाल्याला थोडा त्रास होईल, होऊ द्या. सतारीला वादकाच्या हातापासून फूटभर लांब एकच माईक लावा, आणि आठ मापांपेक्षा जास्त जागा देऊ नका. नाहीतर सगळं गाणं हॉटेलच्या जाहिरातीसारखं वाटायला लागतं.

मिक्स आणि मास्टर

मिक्स आधी मोनोमध्ये बसवा. एका स्पीकरवर गायन, बेस आणि स्नेअर तिन्ही स्वच्छ ऐकू आले की मग डावं-उजवं करा. नंतर तो मोबाइलच्या स्पीकरवर, कुणाच्या तरी वडापच्या (शेअर जीपच्या) टेपवर आणि घरच्या टीव्हीवर ऐका.

कॅसेटचा रंग पाहिजे असेल तर जुन्या बाजारात चालू स्थितीतला डेक शोधा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी किंवा कमी वापरलेली कॅसेट घ्या आणि पूर्ण झालेला मिक्स एकदम तिच्यावर घेऊन परत संगणकात आणा. सुटे ट्रॅक एकेक करून कॅसेटवरून फिरवायला जाऊ नका. टेपचा वेग किंचित कमी-जास्त होतो, ते ट्रॅक परत एकमेकांशी जुळत नाहीत. आणि दहाच्या दहा गाण्यांना हा रंग लावायचा अट्टहास नको.

मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, पैसे कमी असले तरी. स्पॉटिफाय ऐकवताना आवाज साधारण उणे १४ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, त्यामुळे गाणं चेपून मोठं करण्यात फायदा नाही. उलट ड्रमची धार जाते. सर्वात वरचं टोक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवायला सांगा. विनाइलसाठी वेगळा मास्टर लागतो, आणि त्यात स, श, च या अक्षरांचा फुसकारा आधी दाबून घ्यावा लागतो, नाहीतर सुई तिथे फाटल्यासारखी वाजते. मराठीत ही अक्षरं पावलोपावली आहेत.

कागद: पैसे नाहीत तेव्हाच करायचे

बँड बेसुरेपणामुळे क्वचितच फुटतात. चाल कुणाची, यावरून फुटतात. म्हणून रेकॉर्डिंगआधी एका पानावर लिहा: प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाकडे, खर्च कुणी किती घातला आणि तो आधी वजा होणार का, एखादा सोडून गेला तर नाव आणि गाणी कुणाकडे राहणार. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना शंभराचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. त्यावर करार करून नोटरी करा. कुणी अठराच्या खाली असेल तर त्याची एकट्याची सही कायद्यानं बांधील नसते, पालकांना बरोबर घ्या.

गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून झालं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. संगीतरचनेच्या नोंदणीला पाचशे आणि ध्वनिमुद्रणाला दोन हजार रुपये शुल्क आहे. दहाही गाण्यांची करायला गेलात तर रक्कम फुगते. ज्या दोन-तीन गाण्यांवर मदार आहे त्यांची करा.

गीतकार आणि संगीतकारानं आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. गाणं सार्वजनिक ठिकाणी किंवा स्ट्रीमिंगवर वाजलं की शब्द आणि चालीचं मानधन या संस्थेमार्फत येतं, आणि ते ध्वनिमुद्रणाच्या पैशापेक्षा वेगळं असतं. एखादी कंपनी ‘सगळे हक्क द्या’ म्हणत आली तर हेही माहीत असू द्या: कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानंही काढून घेता येत नाही.

एखादं जुनं भावगीत रॉक करून अल्बममध्ये घालायचा मोह सगळ्यांना होतो. माझं मत: पहिल्या अल्बमात नको. १९६३ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क २०२३ अखेर संपले हे खरं, पण शब्द आणि चाल यांचे हक्क त्या-त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. दोन्ही वेगवेगळे मोजायचे असतात. कव्हरसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण पूर्वसूचना, आगाऊ रॉयल्टी, मूळ रचनेत फेरफार न करण्याची अट हे सगळं आलं. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून आपल्या गाण्यात चिकटवणं तर नकोच.

बँडचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे शोधून बघा. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि कुणालाही बदलू देऊ नका. एका ठिकाणी एक ‘ए’, दुसऱ्या ठिकाणी दोन, असं झालं की स्ट्रीमिंगवर तुमची दोन वेगळी खाती तयार होतात.

मुखपृष्ठ

चौकोनी, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल. त्यावर वेबसाइट, फोन नंबर, ॲपची चिन्हं नकोत, वितरक परत पाठवतात. सांगली नाटकवाल्यांचं गाव आहे, हातानं अक्षरं रंगवणारे पेंटर अजून शोधले तर सापडतात. नाव एकाकडून कागदावर रंगवून घ्या आणि स्कॅन करा. चार पोरं रांगेत रस्ता ओलांडताना, हा बीटल्सच्या ‘ॲबी रोड’सारखा फोटो नका काढू.

तारीख कशी काढायची

जुलै-ऑगस्टला पाण्याचा भरवसा नाही. गणपतीत तुमचा ड्रमर तुमचा नसतो. दिवाळीत लोक गावात असतात पण वेळ नसतो. फेब्रुवारी-मार्चला परीक्षा. पाच नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच पहिला नाट्यप्रयोग केला, त्यामुळे त्या सुमाराला नाट्यगृहांत कार्यक्रम असतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं हॉल अडवून बसतात. उरतो नोव्हेंबरचा उत्तरार्ध, नाहीतर जानेवारीचा शेवट. हॉलची तारीख आधी मिळवा आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी अल्बम स्ट्रीमिंगवर आणा.

त्याआधी दोन गाणी सुटी काढा, एक साधारण दहा आठवडे आधी, दुसरं पाच आठवडे आधी. सगळ्यात चांगलं गाणं पहिलं सोडू नका, दुसरं सोडा. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारख्या वितरकाकडे फाइल महिनाभर आधी चढवा: चोवीस बिट वेव्ह फाइल, भाषा मराठी, गीतकार-संगीतकारांची पूर्ण नावं. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो. तो तुमच्या वहीत लिहून ठेवा, पुढे वितरक बदललात तरी तोच वापरायचा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं असेल तर प्रकाशनाआधी किमान सात दिवस ते पोचावं लागतं. तिथल्या अर्जात ‘आमचं संगीत सगळ्यांसाठी आहे’ असं लिहू नका. वाद्यं, भाषा, गाव आणि मंगल कार्यालयातलं रेकॉर्डिंग हे लिहा.

सांगलीच्या दैनिकांना अल्बमच्या आधीच्या आठवड्यात एक पान माहिती आणि एक मोठ्या आकाराचा फोटो द्या. आकाशवाणी सांगलीच्या युवकांसाठीच्या कार्यक्रमाची चौकशी जरूर करा. तिथे मुलाखत दिली की गावाकडचे नातेवाईक पहिल्यांदा तुम्हाला गंभीरपणे घेतात.

प्रकाशनाचा कार्यक्रम

भावे नाट्यमंदिर, दीनानाथ नाट्यगृह किंवा मिरजेचं बालगंधर्व. निम्मा भरलेला मोठा हॉल बघायला वाईट दिसतो, तेव्हा तिकिटांचा अंदाज नसेल तर लहान जागा घ्या. उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, बंद सभागृहाला ती सक्ती नाही; तरी परवानगीची चौकशी पोलीस ठाण्यात आधी करून ठेवा. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा परवाना लागतो.

साऊंडवाल्याशी पंधरा दिवस आधी बसा. तो सवयीनं मिरवणुकीचे बेस आणि टॉप घेऊन येईल. त्याला सांगा: बेस निम्मे कर, स्टेजवर चार मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकायचे स्पीकर) दे, आणि तालमीला एकदा येऊन ऐक. कुठलं वाद्य कुठे, किती माईक, किती प्लग, याचं हातानं काढलेलं चित्र त्याला द्या. ड्रम नाट्यगृहाच्या पडद्याच्या पुढे नको, आत घ्या. मागचे पडदे पडू द्या, घुमारा आपोआप कमी होतो. साऊंड चेक चारला म्हणालात तर गाडी सहाला येते, म्हणून दोन सांगा.

अल्बम क्रमानं वाजवा. भाषणं नकोत. दीपप्रज्वलन करायचंच असेल तर पाच मिनिटांत, आणि पाहुण्यांच्या हातात माईक देऊ नका, तो परत मिळत नाही.

बाहेर टेबलावर कॅसेट, सीडी, टी-शर्ट जे असेल ते ठेवा, क्यूआर कोड मोठा छापा आणि सुट्टे पैसे ठेवा. कॅसेट साठ मिनिटांची घेतलीत तर दोन्ही बाजूंना बरीच टेप कोरी राहील. डुप्लिकेट करणाऱ्याकडून वीस-वीस मिनिटांच्या लांबीची भरून मागा. टेबलावर बँडमधलं कुणी बसू नये. मैत्रिणीला, भावाला बसवा आणि विकलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत करायला सांगा.

नंतरचे तीन महिने

स्ट्रीमिंगचे पैसे दोन-तीन महिने उशिरा येतात आणि थोडे येतात. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचं ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळतच नाही. म्हणून दहाही गाण्यांना सारखा जोर लावण्यापेक्षा तीन गाण्यांचे साधे व्हिडिओ करा. हॉलमध्ये दोन मोबाइल स्थिर ठेवून घेतलेलं चित्रीकरण आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतलेला आवाज एवढ्यात भागतं. कोल्हापूर, सातारा, कराड, इचलकरंजी इथल्या कॉलेजांची संमेलनं डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यांची पत्रं सप्टेंबरमध्येच गेली पाहिजेत. मूळ रेकॉर्डिंगच्या सगळ्या फाइल दोन हार्डडिस्कवर घ्या. एक ड्रमरच्या घरी, एक गायकाच्या, आणि दोन्ही घरं पूररेषेच्या एकाच बाजूला नकोत.